परक्याचे धन आणि आपले कायक

कायक म्हणजे काय, हे समजावून सांगताना आपण नेहमी चांभार, विणकर, नावाडी, परीट, गुराखी अशा शरणांची उदाहरणे देतो. ती देणे सोपे असते. चांभाराच्या हातातील जोडा दिसतो, विणकराच्या मागावरचे कापड दिसते, नावाड्याने पलीकडे उतरवलेली माणसे दिसतात. कोणी कोणासाठी काय केले आणि त्याबद्दल काय घेतले, हे सगळे उघड्यावर असते. परंतु आज आपल्या घरची मुले जी कामे करतात ती अशी डोळ्यांना दिसत नाहीत. बेळगाव, निपाणी, सोलापूर, बिदर, हैदराबाद येथून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेला मुलगा पुढे व्यवस्थापनाची पदवी घेतो आणि मुंबईत, सिंगापुरात, लंडनला किंवा अमेरिकेत ह्यूस्टनला जातो. तो काय करतो असे आई-वडिलांना विचारले, तर "फायनान्समध्ये आहे, चांगला पगार आहे" याच्यापुढे उत्तर जात नाही. त्या उत्तरात अभिमान असतो आणि थोडा संकोचही असतो.

अशा कामांपैकी एक काम आज विचारासाठी घेऊ. ऊर्जेच्या धंद्यात, म्हणजे तेल, वायू, कोळसा, वीज यांच्या कंपन्यांत, दुसऱ्यांचे भांडवल गुंतवणाऱ्या माणसाचे हे काम. व्यवहारात याला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. आमचा प्रश्न सरळ आहे. या कामाला कायक म्हणता येईल काय? आणि असा मनुष्य उद्या दासोहासाठी मोठी रक्कम घेऊन मठाच्या पायरीवर उभा राहिला, तर ती कायकाची कमाई म्हणून स्वीकारावी काय? आज ना उद्या हा प्रश्न प्रत्येक मठापुढे आणि प्रत्येक घरापुढे येणार आहे. तो आल्यावर गडबडण्यापेक्षा आधीच विचार केलेला बरा.

प्रथम हे काम नीट समजून घेऊ. जे समजले नाही त्याची निंदा करणे आणि स्तुती करणे, दोन्ही सारखेच व्यर्थ आहे.

या धंद्यातील मनुष्य सहसा एखाद्या मोठ्या बँकेत दोन-तीन वर्षे उमेदवारी करून येतो. काही जण मुळात भूगर्भशास्त्राचे किंवा तेलविहिरींच्या इंजिनिअरिंगचे जाणकार असतात. आठवड्याला ऐंशी तास काम, रात्र-रात्र आकडेमोड, कंपन्यांची वहीखाती उलगडणे, असे करत तो पायरी-पायरीने वर चढतो आणि पंधरा-वीस वर्षांत भागीदार होतो. कष्ट नाहीत असे कोणी म्हणू नये. त्याची संस्था एक निधी उभा करते. त्या निधीत पैसे घालणारे कोण असतात? निवृत्तिवेतनाचे फंड, विद्यापीठांच्या ठेवी, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी. निधीची मुदत साधारण दहा वर्षांची. त्या काळात कंपन्या विकत घ्यायच्या, तीन ते सात वर्षे सांभाळायच्या आणि विकून पैसे परत करायचे. या कामाबद्दल संस्थेला दरवर्षी निधीच्या शेकडा दोन इतके शुल्क मिळते आणि शेवटी झालेल्या नफ्यातील शेकडा वीस वाटा मिळतो. वीसचा वाटा घेण्यापूर्वी ठेवीदारांना शेकडा आठच्या आसपास परतावा आधी द्यावा, अशीही पद्धत आहे. गुंतवणाऱ्यांचा स्वतःचा पैसा निधीत सहसा शेकडा एक-दोन ते पाच एवढाच असतो.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्या प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे. कंपनी विकत घेताना सगळी रक्कम निधीतून देत नाहीत. मोठा भाग कर्जाने उभा करतात. ते कर्ज विकत घेणाऱ्याच्या नावावर राहत नाही, विकत घेतलेल्या कंपनीच्याच नावावर चढते. घर विकत घेणाऱ्याने कर्ज काढावे आणि त्याचे हप्ते घराने फेडावेत, असा हा प्रकार. घराला भाडे आले तर मालकाचा नफा पुष्कळ पटींनी वाढतो. भाडे आले नाही तर घर सावकाराकडे जाते आणि मालकाचे नुकसान त्याने घातलेल्या रकमेपुरतेच राहते.

आता कोणी म्हणेल, "महाराज, ही तर निव्वळ सावकारी झाली. पैशाने पैसा वाढवणे हे शरणांच्या मार्गात बसतच नाही." सद्भक्तहो, एवढ्या घाईने निकाल देऊ नये. स्वतः बसवेश्वर बिज्जळ राजाचे भांडारी होते. त्यांच्या हाती राज्याचा खजिना होता, म्हणजे परक्याचेच धन होते. मंगळवेढ्यास आणि पुढे कल्याणला त्यांनी जे कायक केले ते हिशेब ठेवण्याचे, जमा-खर्च सांभाळण्याचे होते. दासोहासाठी खजिना रिकामा केला, अशी चुगली विरोधकांनी राजाकडे केली. राजाने तपासणी केली तेव्हा पै न् पै जागच्या जागी निघाली, असे परंपरा सांगते. तेव्हा दुसऱ्याचे धन सांभाळणे आणि योग्य ठिकाणी लावणे हेही कायक होऊ शकते. भांडवल कोणीतरी गोळा करून नेमक्या ठिकाणी लावल्यावाचून ना विजेचा खांब उभा राहतो ना पवनचक्की फिरते. धनाला हात लावला म्हणून मनुष्य भ्रष्ट होत नाही. हात कसा लावला, हे पाहावे लागते.

ते पाहण्यासाठी दोन खऱ्या गोष्टी सांगतो. दोन्ही अमेरिकेतील टेक्सास राज्यातून सुरू होतात. या धंद्याची ती जणू काशीच आहे.

पहिली गोष्ट कॉसमॉस एनर्जी या कंपनीची. २००३ साली डल्लास येथे तेलशोधनातील काही अनुभवी माणसांनी ती स्थापन केली. तिला भांडवल दिले वॉरबर्ग पिंकस आणि ब्लॅकस्टोन या दोन गुंतवणूकसंस्थांनी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घानाच्या समुद्रात, जेथे मोठ्या कंपन्या जायला फारशा तयार नव्हत्या तेथे, तेल शोधायचे होते. अशा शोधाला बँक कर्ज देत नाही. विहीर कोरडी निघाली तर जप्त करण्यासारखे मागे काहीच उरत नाही. म्हणून येथे जो पैसा लागला तो बुडण्याची तयारी ठेवूनच लागला. २००७ साली तेल सापडले. ज्युबिली असे त्या क्षेत्राचे नाव. २०१० च्या अखेरीस तेथून तेल निघू लागले आणि घाना हा तेल उत्पादक देश झाला.

ही गोष्ट पूर्णतः सोज्ज्वळ आहे असे मात्र समजू नका. तेल वर येण्याच्या आधीच, २००९ साली, आपला वाटा सुमारे चार अब्ज डॉलरांना एक्झॉनमोबिलला विकण्याचे कंपनीने ठरवले होते. घानाच्या सरकारी तेलमंडळाने त्याला विरोध केला आणि २०१० साली तो व्यवहार सोडून द्यावा लागला. बी पेरणारा पीक येण्यापूर्वी शेत विकू पाहत होता, आणि ज्याची जमीन त्याने "थांब" म्हटले.

दुसरी गोष्ट टीएक्सयू या वीज कंपनीची. टेक्सासमध्ये २००२ पासून घरगुती वीज विक्री खुली झाली. कोणत्या कंपनीची वीज घ्यायची हे ग्राहकाने ठरवावे, अशी पद्धत सुरू झाली. तेथे विजेचा बाजारभाव बहुतेक वेळा नैसर्गिक वायूच्या भावावर ठरत असे, कारण गरज वाढली की शेवटी चालू करावी लागणारी केंद्रे वायूची असत. टीएक्सयूकडे मात्र स्वस्त वीज काढणारी कोळशाची केंद्रे होती, कोमँची पीक हे अणुवीज केंद्र होते. वायू महागला की वीज महागणार आणि यांचा खर्च तेवढाच राहणार, म्हणजे मधला सगळा नफा यांचा. हा हिशेब पाहून केकेआर, टीपीजी आणि गोल्डमन सॅक्स यांच्या निधींनी २००७ साली ही कंपनी सुमारे ४५ अब्ज डॉलरांना घेतली. त्या वेळेपर्यंतचा अशा तऱ्हेचा तो जगातील सर्वांत मोठा व्यवहार होता. गुंतवणाऱ्यांनी त्यात घातलेली रक्कम होती सुमारे आठ अब्ज. बाकीचा बोजा कर्जाचा, आणि तो कंपनीच्याच डोक्यावर. व्यवहारानंतर कंपनीवर सुमारे ४० अब्ज डॉलरांचे कर्ज झाले. कंपनीचे नवे नाव ठेवले एनर्जी फ्यूचर होल्डिंग्ज, म्हणजे ऊर्जेचे भवितव्य धारण करणारी.

भवितव्य मात्र कोणाच्या नावाला बांधील नसते. २००८ च्या मध्यास वायूचा भाव दर दशलक्ष औष्णिक एककांमागे तेरा डॉलरांवर गेला होता. तोच एप्रिल २०१२ मध्ये दोन डॉलरांच्या खाली आला. कारण काय? खडकांच्या भेगांत अडकलेला वायू आडव्या विहिरी खणून आणि पाण्याच्या दाबाने खडक फोडून काढण्याची विद्या साध्य झाली होती. आणि ती साध्य कोठे झाली? डल्लासच्या शेजारीच असलेल्या फोर्टवर्थच्या परिसरात, बार्नेट नावाच्या खडकात. टीपीजीचे कार्यालयही फोर्टवर्थमध्येच होते. ज्या वायूने ४५ अब्जांचा हिशेब मोडला तो हिशेब मांडणाऱ्यांच्या पायांखालीच होता.

त्या खडकावर जॉर्ज मिचेल नावाच्या गृहस्थाने १९८१ पासून प्रयत्न चालवले होते. ग्रीसमधून आलेल्या गरीब कुटुंबातील हा मनुष्य. त्याच्या कंपनीतीलच पुष्कळांना तो वेडेपणा वाटे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस यश आले. सुमारे सतरा-अठरा वर्षे एका खडकाशी तो झगडला. आम्ही त्याला संत म्हणत नाही. खडक फोडण्याच्या या रीतीने पाण्याचे आणि भूमीचे जे प्रश्न निर्माण केले, ते आजही तेथे वादाचे आहेत. परंतु एका कामाला चिकटून राहणे म्हणजे काय, याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट ध्यानी ठेवावी. पाच वर्षांत विकून निघायचे असे ठरवून बसलेल्या माणसाला ते साधले नसते.

एप्रिल २०१४ मध्ये एनर्जी फ्यूचर होल्डिंग्जने दिवाळे जाहीर केले. गुंतवणाऱ्यांचे आठ अब्ज जवळजवळ सगळे गेले. कर्जरोखे घेणाऱ्यांनाही मोठी झळ बसली. जगातील अत्यंत हुशार गुंतवणूकदार मानल्या जाणाऱ्या वॉरन बफे यांच्या कंपनीने सुमारे दोन अब्ज डॉलरांचे हे रोखे घेतले होते. ते विकून त्यांनी ८७ कोटी ३० लाख डॉलरांचा तोटा पत्करला, आणि सहकारी चार्ली मंगर यांना न विचारता आपण ही चूक केली, असे भागधारकांना लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने सांगितले. कंपनीचे तुकडे झाले. वीज निर्मिती आणि विक्रीचा भाग २०१६ साली व्हिस्ट्रा या नावाने वेगळा निघाला. तारा-खांबांचा भाग, ऑन्कॉर, यातील मोठा हिस्सा २०१८ साली सेम्प्रा कंपनीने घेतला. त्याच वर्षी मॉन्टिसेलो, बिग ब्राऊन आणि सँडो ही कोळशाची जुनी वीजकेंद्रे बंद झाली.

आता विचार करा. या दुसऱ्या गोष्टीत पाप कोठे आहे?

कोणी म्हणेल, तोटा झाला हेच पाप. तसे नाही. वायूचा भाव पडेल हे ओळखता आले नाही, ही चूक आहे. चूक ही माणसाची सावली आहे, ती पाप नव्हे. उद्या भाव वाढला असता तर हेच लोक द्रष्टे ठरले असते आणि व्यवहार जसाच्या तसा असता. परिणामावरून कर्माची शुद्धता ठरवायची असेल, तर बाजारालाच गुरू करावे लागेल.

कोणी म्हणेल, फसवणूक झाली. तसेही दिसत नाही. कर्ज देणारे शिकलेले, स्वतःच्या मर्जीने देणारे होते. बफे यांची चूक बफे यांची. आणखी एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. टीएक्सयू आधी अकरा नवी कोळसाकेंद्रे बांधणार होती. नव्या मालकांनी पर्यावरणवाद्यांशी बोलणी करून ती संख्या तीनवर आणण्याचे मान्य केले. त्यांचे सगळेच वाईट होते असे म्हणणे खोटे ठरेल. जुनी केंद्रे बंद पडली तीही एकट्या कर्जामुळे नव्हेत. स्वस्त वायूपुढे कोळसा टिकेनासा झाला होता, मालक कोणीही असता तरी झळ लागलीच असती. कर्जाने एवढेच केले, की संकट सोसण्याची जी शक्ती कंपनीच्या अंगात असायला हवी होती ती आधीच काढून घेतली. दुष्काळ येणे कोणाच्या हाती नसते. कणगीतले धान्य आधीच विकून टाकणे हे मात्र माणसाच्या हाती असते.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते दोष 'कायक' या शब्दातच शोधता येतो. कायक हा शब्द कायेपासून आला. ज्यात आपली काया आहे ते कायक. चांभाराने वाईट जोडा शिवला तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येऊन भांडते. नावाडी नाव बुडवील तर तो स्वतःही त्याच नावेत असतो. म्हणून त्याचे काम त्याला आपोआप सावध ठेवते. आता या गुंतवणाऱ्याची काया कोठे आहे ते पाहा. जिंकला तर शेकडा वीस त्याचे. हरला तर ठेवीदारांचा पैसा गेला, कर्ज देणाऱ्यांचा गेला, कंपनी मोडली. आणि वार्षिक शुल्क? ते मिळालेले असते, ते परत जात नाही. त्याचे गेले ते स्वतः घातलेले थोडे धन आणि थोडा नावलौकिक. नाव दुसऱ्यांची, प्रवासी दुसरे, आणि नावाडी काठावर उभा राहून वल्हवण्याच्या आज्ञा देतो. तो लबाड आहे असे नव्हे. तो नावेत नाही, एवढाच त्याचा दोष आहे. परंतु कायकाच्या दृष्टीने हा दोष लहान नव्हे.

बसवेश्वरांच्या भांडारीपणात आणि यात फरक आहे तो हाच. राजाच्या खजिन्यातील नफ्याचा वीस टक्के वाटा भांडाऱ्याने कधी मागितला नाही, आणि हिशेब चुकला असता तर शिक्षा भांडाऱ्यालाच भोगावी लागली असती. एकाने संशय घेतला तरी वहीखाते सगळ्यांपुढे मांडावे लागले. धन परक्याचे असले तरी जबाबदारीत काया स्वतःची होती.

दुसरा विचार पुरे किती, याचा. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी आनंद मानला नाही. गरजेपेक्षा जास्त आले ते परत नेऊन टाकण्यास त्यांनी पतीला सांगितले. हे जास्तीचे दाणे चोरीचे नव्हते, कष्टाचेच होते. तरीही लक्कम्मांना ते घरात नको होते. या कथेवर आम्ही अनेकदा प्रवचने ऐकतो, परंतु तिच्यातील खरे टोक बहुधा निसटते. लक्कम्मांचा प्रश्न 'हे कोठून आणले' एवढाच नव्हता. 'हे जास्त का आणले' हाही होता. आजच्या गुंतवणाऱ्याच्या घरात हा दुसरा प्रश्न विचारणारे कोणी असते काय? ज्या व्यवसायात यशाची मापे केवळ दरवर्षी वाढत्या आकड्यांत आहेत, त्या व्यवसायात 'पुरे' हा शब्द बाहेरून येत नाही. तो आतून आणावा लागतो.

त्या धंद्यातही आतून 'पुरे' म्हणणारी माणसे झाली आहेत. केकेआर ही संस्था १९७६ साली तिघांनी काढली. त्यांतील वडीलधारे जेरोम कोलबर्ग. लहान, सामोपचाराचे व्यवहार करावेत असे त्यांचे मत होते. धाकट्या भागीदारांना व्यवहार मोठे आणखी मोठे हवे होते. १९८७ साली कोलबर्ग त्या संस्थेतून बाहेर पडले. अशा संस्थेतून त्या वेळी बाहेर पडणे म्हणजे अंगणात सांडलेले किती दाणे मागे टाकणे, याचा हिशेब आपणच करावा.

तिसरा विचार बांधाचा. टीएक्सयूच्या गोष्टीत एक भाग असा आहे की ज्याचे कौतुक झाले पाहिजे. तारा आणि खांब सांभाळणारी ऑन्कॉर ही उपकंपनी कर्जाच्या आगीपासून वेगळी ठेवण्यासाठी आधीच कुंपण घातले होते. तिचे संचालक वेगळे, तिचा पैसा वेगळा, वरच्या कंपनीचे कर्ज तिच्या अंगावर येऊ नये अशी व्यवस्था. टेक्सासच्या वीज नियामकांनी त्यावर लक्ष ठेवले. म्हणून वरची कंपनी मोडली तरी घराघरांतील दिवे विझले नाहीत. माणसांच्या लोभावर उपदेश करणे हे आमच्यासारख्यांचे काम. परंतु उपदेश पुरा पडत नाही, बांधही लागतो. पाऊस पडण्यापूर्वी बांधलेला बांधच खरा.

बांध नसला म्हणजे काय होते, हे आपण मराठी माणसांनी दाभोळला पाहिले आहे. तेथे खासगी निधी नव्हता, एन्रॉन ही कंपनीच होती. परंतु धडा तोच. १९९३ साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर करार झाला, १९९५ साली तो रद्द झाला, पुढे पुन्हा बोलणी होऊन १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला. वीज घेतली नाही तरी ठरलेला स्थिर आकार मंडळाने द्यायचा, आणि भार डॉलर व इंधनाच्या भावांशी बांधलेला. वीज इतकी महाग पडली की २००१ साली केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉननेही दिवाळे काढले. नफा झाला तर कंपनीचा, जोखीम मात्र वीज बिल भरणाऱ्याची, हा न्याय येथेही होता.

उलट बाजूही सांगतो. २०११ साली सुमंत सिन्हा यांनी रिन्यू पॉवर ही कंपनी काढली, तेव्हा तिच्यामागे गोल्डमन सॅक्सचेच भांडवल होते. टीएक्सयूमध्ये ज्यांचे हात पोळले तेच हे. सांगली जिल्ह्यात जतच्या माळावर या कंपनीच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. तो दुष्काळी माळ आपल्यापैकी कित्येकांच्या पायांखालचा आहे. त्या पात्यांमागे हे दूरचे भांडवल आहे. पैसा तोच, माणसेही पुष्कळ अंशी तीच. एका ठिकाणी तो उभ्या कंपनीवर बोजा चढवण्यास लागला, दुसऱ्या ठिकाणी जेथे काही नव्हते तेथे काही उभे करण्यास लागला. म्हणून या व्यवसायाला एका शब्दात पुण्य किंवा पाप म्हणता येत नाही. प्रत्येक व्यवहाराचे कायक वेगळे तपासावे लागते.

येथे वाचकांनी स्वतःकडेही पाहावे. निधीत पैसे घालणारे कोण, हे वर सांगितले. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन फंडाने १९८१ सालापासून केकेआरबरोबर पैसा लावला. म्हणजे या मोठ्या व्यवहारांच्या तळाशी शाळामास्तरांचा आणि कारकुनांचा पैसा असतो. आपलाही भविष्यनिर्वाह निधी, विमा, म्युच्युअल फंड कोणीतरी कोठेतरी गुंतवीतच असतो. शेकडा आठ मिळाले तर आपण कुरकुरतो, शेकडा पंधरा मिळाले तर पेढे वाटतो. ते पंधरा कोणाच्या माथ्यावरून आले, हे विचारत नाही. लक्कम्मांचा प्रश्न फक्त मुलाला विचारून चालणार नाही. तो आपल्या पासबुकालाही विचारला पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असा मनुष्य दासोहासाठी रक्कम घेऊन आला तर काय करावे?

काही जण म्हणतात, धन कसेही आलेले असो, अन्नदानाला लागले की शुद्ध होते. आम्हास हे मान्य नाही. शरणांच्या मार्गात कायक आधी, दासोह नंतर. दासोह हे कायकाचे फळ आहे, कायकाचे प्रायश्चित्त नव्हे. झाडाला कीड असेल तर फळ धुऊन कीड जात नाही. ज्याने वर्षभर बोजा दुसऱ्यांच्या माथी ठेवला आणि वर्षाअखेर त्यातील चिमूटभर दान केले, त्याने दासोह केला नाही, समाधान विकत घेतले. आणि मठाने ते विकले, असे होईल.

परंतु दाराशी आलेल्याला तपासणी नाक्यासारखे परतवणे हेही मठाचे काम नव्हे. त्याला बसवावे, प्रसाद द्यावा आणि विचारावे. बाळ, ज्या कंपनीवर तू कर्ज चढवलेस ती तुझ्या वडिलांची असती, तरी एवढे चढवले असतेस काय? व्यवहार बुडाला तर तुझे स्वतःचे काय बुडेल? तू विकून निघून जाशील तेव्हा मागे राहणारे कामगार, ग्राहक, गावे यांच्याजवळ तू आलास तेव्हापेक्षा काही अधिक असेल काय? आणि किती झाले म्हणजे तू पुरे म्हणशील, हा आकडा तू कधी कागदावर लिहिला आहेस काय? यांची उत्तरे तो देऊ शकला, तर त्याचे कायक चांभाराच्या कायकाइतकेच वंदनीय आहे आणि त्याची रक्कम माथ्याला लावून घ्यावी. तो अडखळला, तर रक्कम थोडे दिवस त्याच्याजवळच राहू द्यावी. अडखळणे ही वाईट खूण नव्हे. त्याच्यातील लक्कम्मा जागी झाली, असे समजावे.

आणि हे विचारण्याचा अधिकार मठाला केव्हा? मठही परक्याचे धन सांभाळतो, हे तो विसरला नसेल तेव्हाच. भक्ताने दिलेली पै त्याच्या कायेच्या घामाची असते. तिच्या हिशेबाची वही जो मठ कोणीही मागितली तर उघडून दाखवू शकतो, त्यानेच दुसऱ्याच्या वहीबद्दल बोलावे. भांडारी बसवेश्वरांनी वही उघडली तेव्हा राजाला बोलायला जागा उरली नाही. आपल्या घरातील, मठातील आणि मुलांच्या कचेरीतील वह्या अशाच उघडता याव्यात, एवढीच प्रार्थना.

शरणु शरणार्थी.